मी मेले त्याची नोंद

सकाळी सातला मी दवाखान्याचं दार उघडते, तेव्हा झेर्बो मास्तर शाळेची घंटा बडवत असतो. घंटा म्हणजे ट्रकच्या चाकाची जुनी लोखंडी रिंग. दवाखाना आणि शाळा एकाच आवारात आहेत, मध्ये एक कडुनिंब आहे, आणि त्या कडुनिंबाखाली गेली अकरा वर्षं रोज आमचं असं चालतं:

"काय गं ए गाढवखाऊ, अजून जिवंत आहेस?"

"तुझं मुंडकं रश्शात शिजवल्याशिवाय मी कशी मरेन? कुत्री खाऊन खाऊन चांगलं चरबट झालंय."

"गुलाम कुठली! आधी माझं अंगण झाडून घे."

"तुझ्या बापाने माझ्या आजोबांचे पाय चेपण्यात जन्म काढला, त्याची मजुरी मागायला आलायस का?"

मी मोसी जमातीची, तो सामो जमातीचा. मोसी आणि सामो एकमेकांसमोर आले की असंच बोलतात. वाडवडिलांनी लावून दिलेलं थट्टेचं नातं आहे ते. त्यात राग धरायचा नाही, माफी मागायची नाही आणि गप्प बसायचं तर मुळीच नाही. रांगेतल्या बायका खिदळतात, तापाने फणफणलेली पोरंही डोळे उघडून बघतात. मग मी वजनकाटा टांगते, तो हजेरी घेतो आणि आमचा दिवस सुरू होतो.

आमचं सिल्मेगे गाव वायगुया शहराच्या उत्तरेला, साठ किलोमीटरवर. पूर्वी इथून सकाळी निघालेलं माणूस बाजार करून जेवायला घरी यायचं. आता लष्कराचा ताफा सोबत असल्याशिवाय कुणी गाडी काढत नाही, आणि ताफा महिन्यातून एकदा येतो, तोही आला तर. बंदूकवाल्यांच्या हल्ल्यांनी उत्तरेकडची गावं एकेक करून रिकामी झाली आणि तिथली माणसं शाळेच्या मागच्या माळावर ताडपत्र्या टाकून राहिली. त्यांची पोरं मास्तरच्या वर्गात आणि त्यांच्या बायका माझ्या दवाखान्यात. औषधं, लशी, वह्या, खडू हे सगळं, दवाखाना आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेचं हेलिकॉप्टर दर मंगळवारी आणतं. ते आलं नाही तर मी नुसती पांढऱ्या झग्यातली बाई आहे, आणि मास्तर नुसता बडबड्या.

माळावर राकियेता नावाची एकोणीस वर्षांची पोर होती. गेल्या वर्षी गाव सोडून पळताना ती वाटेतच बाळंत झाली, एका शेया झाडाखाली. बाळ तिथेच पुरलं. तीही रक्त जाऊन जाऊन पांढरीफटक झाली होती, सासूने गाढवाच्या गाडीत घालून माझ्यापर्यंत आणली म्हणून वाचली. आता तिला पुन्हा नववा महिना लागला होता. "या वेळी माझ्याच टेबलावर," असं मी तिला पोटावर हात ठेवून सांगितलं होतं. "दिवा असेल, पाणी असेल, रक्त थांबवायचं इंजेक्शन असेल आणि मी असेन. तू फक्त ओरडायचं." मी असा शब्द सहसा देत नाही, पण तिला दिला होता.

आता नोआगाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

नोआगा आमचा फाटकावरचा रखवालदार. वय अठ्ठावन्न. दोन वर्षांपूर्वी मास्तरच्या संध्याकाळच्या वर्गात तो लिहायला शिकला, आणि तेव्हापासून त्याला लिहिण्याचं वेडच लागलं. बकऱ्या आत शिरल्या तरी तो आधी फळ्यावर 'बकऱ्या' लिहायचा आणि मग हाकलायचा. गेल्या पावसाळ्यानंतर राजधानीच्या कचेरीतून एक जाडजूड वही आली. तिच्यावर सूचना होती: आवारात ऐकलेली प्रत्येक धमकी वेळेसह नोंदवावी, आणि दर शनिवारी पानांचे फोटो पाठवावेत. इतर केंद्रांवरचे रखवालदार अशा वहीवर चहाचे पेले ठेवतात. आमच्या नोआगाने तिला मेणकापडाचं कव्हर घातलं.

"७:०५. सिबदू किंदो, नर्स, यांनी झेर्बो मास्तरांचं मुंडकं शिजवण्याची धमकी दिली. ७:०६. झेर्बो मास्तरांनी सिबदू किंदो यांना जाहीरपणे गुलाम ठरवलं. ७:०७. मुंडक्याविषयी पुन्हा. या वेळी भेंडी घालून."

तो स्वतः मोसी आहे. दुपारी पाणवठ्यावर सामो म्हाताऱ्यांना माझ्याहून घाण शिव्या घालतो. पण वहीवर लिहिलं होतं 'प्रत्येक', आणि प्रत्येक म्हणजे प्रत्येक हे त्याला मास्तरनेच शिकवलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी हेलिकॉप्टरमधून खोक्यांबरोबर एक बाई उतरली. एव्हलीन तिचं नाव, परदेशातल्या दुआला शहराची. संस्थेत सुरक्षेचं काम बघायची. तिने आल्या आल्या आम्हा दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, वेगवेगळं पाणी दिलं, आणि मला हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला त्यांची भीती वाटते का?"

"कुणाची? झेर्बोची? अहो, त्याला त्याची कोंबडीसुद्धा भीत नाही."

तिने कागद पुढे सरकवला. "तीन महिन्यांत चारशे बारा धमक्या. तुमच्या खालोखाल जे केंद्र आहे तिथे एकोणीस आहेत, आणि तिथे रोज गोळीबार होतो."

मी हसायला लागले ते मला थांबवेना. शेजारच्या खोलीत मास्तरही ते ऐकून हसायला लागला. मग तिने आम्हाला एकत्र बसवलं आणि आम्ही तिला सगळं समजावून सांगितलं, मोसी, सामो, कुत्रं, गाढव, सगळं.

"मला कळलंय," ती म्हणाली. "फाटकातून आत येतानाच कळलं होतं. पण तक्त्यात तीनच रकाने आहेत. तोंडी, हाताने, हत्याराने. थट्टेचा रकाना नाही."

"मग घाला की एक," मास्तर म्हणाला.

"तक्ता समुद्रापलीकडे बनतो. एक रकाना वाढवायचा तर समिती बसते, आणि ती दोन वर्षं उठत नाही. तोपर्यंत आकडे यंत्र मोजतं आणि रंग यंत्र देतं. तुमचं केंद्र लाल झालंय. लाल केंद्रावर हेलिकॉप्टर उतरायला विमा मिळत नाही. आज मी कशी उतरले ते माझं मला ठाऊक."

"म्हणजे औषधं?"

"म्हणजे काहीच नाही. केंद्र बंद." बिचारीचे डोळे लाल झाले होते. धुळीने असतील, पण मला ती बाई आवडली. "एकच वाट आहे. ओळीने चौदा दिवस वहीत एकही धमकी नको. मग रंग आपोआप हिरवा होतो."

नोआगाला खोटं लिहायला सांगून बघितलं. त्याने वही छातीशी धरली आणि म्हणाला, "बाई, साठीला टेकल्यावर मला अक्षर मिळालंय. ते मी खोट्याने विटाळणार नाही." मास्तरला त्याचा अभिमान वाटला आणि त्याचा गळा दाबावासाही वाटला, असं त्यानेच मला नंतर सांगितलं.

तर आम्ही सही केली. 'आम्ही परस्परांशी केवळ आदरपूर्वक बोलू.' मास्तरने गावातल्या प्रत्येक पोराला शिकवलेलं की सही म्हणजे माणसाची जीभ, एकदा कागदावर ठेवली की परत घेता येत नाही. त्यामुळे सही करताना त्याचा चेहरा सुतकी झाला होता.

पहिल्या सकाळी घंटा झाली. मी दार उघडलं. कडुनिंबाखाली तो उभा होता, हात बांधून.

"सुप्रभात, आदरणीय भगिनी. आपल्याला झोप नीट लागली ना?"

"आपल्या कृपेने, मास्तरसाहेब. आपण बसावं, मी खुर्ची आणते."

रांगेतली कुजबुज थांबली. काट्यावरचं पोर एका बाईने वजन बघायच्या आधीच उचललं आणि छातीशी धरलं.

फाटकाशी चवळीची भजी तळणारी बसते, तिने ते पाहिलं. आमच्या गावात बातमी तिच्या कढईतून निघते. दहा वाजता बातमी होती की सिबदूबाईने झेर्बोला खुर्ची दिली. बाराला ती झाली, दोघांपैकी कुणाच्या तरी घरी मयत झालंय. दुपारी, लष्कर गाव सोडून चाललंय. दुसऱ्या दिवशी सकाळी भजीवालीने मला फुकट भजी दिली आणि माझा हात घट्ट धरून विचारलं, "बाई, ते बंदूकवाले कधी येणार त्याची तारीख तुम्हा दोघांना कळलीय ना? आम्हालाही सांगा. आमचीही लेकरं आहेत."

"अगं कसली तारीख? एका कागदावर सही केलीय, बास."

"हो हो," ती म्हणाली. "बरोबर आहे तुमचं." आणि कढई उतरवायला लागली.

मग ते पसरलं. बाजारातल्या मोसी आणि सामो लोकांना काय चाललंय ते कळेना, म्हणून सावधपणे तेही एकमेकांशी गोड बोलायला लागले. कांदेवाला गिऱ्हाइकाला 'आपण' म्हणू लागला. खाटीक आणि शिंपी तीस वर्षं एकमेकांची आयमाय काढत आलेले, त्यांनी हस्तांदोलन केलं आणि दोघेही घरी जाऊन दाराला कडी लावून बसले. चौथ्या दिवशी शाळेत दोनशे तीसपैकी एकशे चाळीस पोरं होती. सातव्या दिवशी एकसष्ट. माळावरच्या ताडपत्र्या एकेक करून गुंडाळल्या जायला लागल्या. लोक पायी, सायकलवर, गाढवाच्या गाड्यांतून दक्षिणेला निघाले, त्याच रस्त्याने, ज्यावर कधी कुठे सुरुंग पुरलेला असेल ते सांगता येत नाही.

मी ताडपत्री-ताडपत्रीत जाऊन सांगितलं की काही नाही, सगळं ठीक आहे. जितकं जास्त सांगावं तितकी त्यांची खात्री पटत गेली. दहाव्या दिवशी मी राकियेताकडे गेले. ती भांडी एका चादरीत बांधत होती, पोट पुढे काढून, मधूनच कमरेवर हात टेकत.

"तू कुठेही जायचं नाहीस," मी म्हणाले. "आज उद्या बाळंत होशील. वेडी आहेस का?"

"मावशी, आमच्या गावात पण असंच झालं होतं," ती म्हणाली. "लोहाराची आणि आमची थट्टा चालायची. एक दिवस तो आमच्याशी नीट बोलायला लागला. माझा सासरा हसला, म्हणाला म्हातारा शहाणा झाला. आठ दिवसांनी ते बंदूकवाले आले. लोहाराला कुणीतरी आधी सांगितलं होतं, आणि त्याला आमच्या तोंडाकडे बघून हसणं जमत नव्हतं." तिने गाठ मारली. "आधी थट्टा बंद होते, मावशी. गोळ्या नंतर येतात."

जगात एकच गोष्ट तिला खरी कळलेली होती, आणि तीच मी चौदा दिवसांसाठी कागदावर विकली होती.

मी मास्तरकडे गेले. तो रिकाम्या वर्गात बाकांची धूळ झटकत होता.

"चारच दिवस राहिलेत, बाई," तो म्हणाला. 'बाई' म्हणाला मला! "हिरवं झालं की हेलिकॉप्टर येईल. तुमच्याकडे रक्त थांबवायच्या इंजेक्शनच्या किती कुप्या आहेत?"

"दोन."

"मग थांबलंच पाहिजे."

त्याचं खरं होतं. मीही तेच धरून बसले. राकियेताच्या सासूला रोज काहीतरी कारण सांगून अडवलं, कधी लोहाच्या गोळ्या, कधी रक्ताची तपासणी. तेराव्या दिवशी कारणं संपली. सकाळी नऊच्या सुमाराला फाटकासमोरून गाढवाच्या अकरा गाड्या ओळीने निघाल्या. माळावर उरलेले सगळे लोक त्यांत होते. सहाव्या गाडीत, चादरीच्या गाठोड्याला टेकून, राकियेता. तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की कळा सुरू झाल्यात. ओठ आत ओढून ती मोजत होती. साठ किलोमीटर, गाढव, आणि ती.

मी रस्त्यावर धावले. मास्तर फाटकाशी उभा होता, सगळ्यांना अदबीने निरोप देत.

"ए कुत्रेखाऊ!" मी कोकलले. "ए सडक्या सामो! तोंड काय बघतोस? तुझं मुंडकं आज मी शिजवते की नाही बघ!"

गाड्या थबकल्या. सगळे मास्तरकडे बघायला लागले.

"आदरणीय भगिनी," तो म्हणाला, "आपण थकला आहात." आणि मग दातांतल्या दातांत, फक्त मला ऐकू येईल असं, "सिबदू, एकच दिवस. सही केलीय आपण."

"खड्ड्यात गेली तुझी सही! तुझ्या बापाला दाढी नव्हती! तुझी आजी माझ्या आजोबांनी एका मिठाच्या खड्यावर विकत घेतली!"

"आपल्या आजोबांना माझा नमस्कार," मास्तर म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

पहिल्या गाडीवाल्याने गाढवाला काठी मारली. एक बाई शिव्या देते आणि दुसरा उलटून बोलत नाही, म्हणजे प्रकरण त्यांना वाटलं होतं त्याहून वाईट होतं. चाकं फिरायला लागली. मला खरंच राग आला, मास्तरचा, यंत्राचा, माझा स्वतःचा. आणि त्या रागात मला जे सुचलं ते मी केलं. मी रस्त्यात गाढवांपुढे आडवी झाले, हात छातीवर ठेवले, आणि ओरडले, "मी मेले!"

मोसी मेला की सामोला गप्प बसता येत नाही. मयताच्या घरी त्याने यायचं, मेलेल्याची नक्कल करायची, खड्ड्यात उतरून बसायचं आणि बकरी मिळाल्याशिवाय पुरू द्यायचं नाही. जो सामो हे करत नाही, त्याच्या स्वतःच्या मयताला कुणी येत नाही. कुठल्याही सहीच्या आधीची गोष्ट आहे ही. मी डोळे मिटून पडून राहिले. पाठीखाली रस्ता तापलेला होता. गाढवाचं नाक माझ्या कपाळाला लागलं. मी श्वास रोखला.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग मास्तरचा आवाज आला. आधी फाटका, मग मोठा.

"मेली? मेली एकदाची? अहो बघा, गाढवं खाऊन खाऊन शेवटी गाढवापुढेच मेली!"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कुणी हात लावायचा नाही हिला! गुलाम माझी आहे, माझ्या परवानगीशिवाय मेली. तीन बकऱ्या ठेवा इथे, नाहीतर मी हिला उन्हातच वाळवणार आणि हिवाळ्यात विकणार!" त्याने माझा पांढरा झगा ओढून घेतला आणि अंगात घातला, ते मला आवाजावरून कळलं, कारण लगेच तो माझ्या आवाजात बोलायला लागला. "'ए बाई, वजन कर! ए बाई, दूध पाज! ए बाई, नवऱ्याला सांग लांब झोप!' हीच होती ना ती? हीच?"

आता सगळे हसत होते. मोसी बकऱ्यांची घासाघीस करायला पुढे आले, सामो माझे पाय धरून ओढायला लागले. खाटीक कडी काढून धावत आला आणि शिंप्याला म्हणाला की तुझ्या मयताला मी शेपूटसुद्धा देणार नाही. शिंप्याने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. लोक गाड्यांतून उतरले. हे सगळं मी मिटल्या डोळ्यांनी ऐकत होते आणि माझा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात राकियेताचं हसणं ऐकू आलं. मोठ्याने हसली ती. मग हसता हसता किंचाळली, आणि सासू ओरडली, "पाणी गेलं! गाडीत पाणी गेलं!"

मयत ताडकन उठून दवाखान्याकडे पळालं.

दुपारी साडेबाराला मुलगी झाली. अडीच किलो, आवाज मास्तरच्या घंटेसारखा. आणि मग रक्त सुरू झालं. पहिली कुपी दिली. पोट चोळलं. दुसरी दिली. कमी झालं, थांबलं मात्र नाही. मी मुठीने दाबून धरलं होतं, आणि माझ्या हाताला कळत होतं की हे संध्याकाळपर्यंत पुरणार नाही. तिला रक्त द्यायला हवं होतं, आणि ते वायगुयाला होतं. राकियेता माझ्याकडे बघत होती, ओरडत नव्हती. मला ती ओरडायला हवी होती.

मास्तर दाराशी आला, अंगात अजून माझाच झगा. "काय करू सांग."

"हेलिकॉप्टर आण," मी म्हणाले, आणि मला हुंदका आला.

आणि तीन वाजता हेलिकॉप्टर आलं.

झालं होतं असं. वहीच्या पहिल्या पानावर नियम होता की कर्मचाऱ्याच्या मृत्यूची नोंद शनिवारची वाट न पाहता त्याच क्षणी पाठवावी. नोआगाने ती पाठवली होती. "९:१२. सिबदू किंदो, नर्स, रस्त्यात मेल्या. तसं त्यांनी स्वतः सांगितलं. ९:१५. झेर्बो मास्तरांनी दुजोरा दिला. ९:२०. प्रेत पळवण्यात आलं. साक्षीदार सुमारे शंभर." लाल केंद्रावर हेलिकॉप्टर उतरत नाही. पण मेलेला कर्मचारी न्यायला ते कुठेही उतरतं, त्याचा विमा वेगळा असतो.

एव्हलीन काळे कपडे घालून उतरली. तिच्यामागे दोन माणसं रिकामी पेटी घेऊन. कोपरापर्यंत रक्ताने भरलेली मी दारात उभी दिसले, तेव्हा ती मटकन खाली बसली.

"रडायचं नंतर," मी म्हणाले. "हिला न्या."

वैमानिकाने यादी काढली. "माझ्याकडे एकच नाव आहे. सिबदू किंदो, आडवी. दुसऱ्या कुणाला मी नेऊ शकत नाही."

एव्हलीन उठली. तिने राकियेताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डोळे पुसले. "हीच सिबदू किंदो," ती म्हणाली.

"ही श्वास घेतेय."

"श्वासाचा रकाना आहे का यादीत?"

वैमानिकाने यादी उलटसुलट बघितली. नव्हता. "आणि ते बाळ? बाळ यादीत नाही."

"हातातलं सामान," मास्तर म्हणाला. "दहा किलोपर्यंत चालतं ना? हे अडीच किलो आहे."

अशी मी माझ्या नावाने उडाले आणि माझ्या पायांनी खाली उभी राहिले. धूळ खाली बसेपर्यंत मी हलले नाही. मास्तर शेजारी येऊन उभा राहिला. त्याने झगा काढून मला दिला.

"पुन्हा असं मरू नकोस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "तू श्वास रोखलास तेव्हा मला क्षणभर खरं वाटलं. माझ्या तोंडातून शब्द फुटेना."

"वाट बघायला लावलीस मला रस्त्यावर. पाठ भाजली माझी."

"भाजली? मग मीठ लावून ठेव," तो म्हणाला.

राजधानीत माझ्यासाठी एक मिनिट शांतता पाळली गेली आणि जिन्याजवळ माझा फोटो लागला. एव्हलीनने मला जिवंत करायचा प्रयत्न केला, पण मेलेला माणूस परत आणायचा रकाना तक्त्यात नाही. पुढच्या शनिवारी नोआगाने नेहमीसारखी पानं पाठवली, बेचाळीस धमक्या. यंत्राने त्या घेतल्याच नाहीत. मृत व्यक्तीने दिलेली धमकी धरत नाहीत, आणि मृत व्यक्तीला दिलेलीही धरत नाहीत. जुन्याही तशाच गळल्या, आमचं केंद्र शून्यावर आलं आणि हिरवं झालं. मंगळवारी औषधं आली. माझ्या रिकाम्या जागेवर बदली म्हणून एव्हलीनने मलाच नेमलं, फक्त नावापुढचा रकाना कोरा ठेवून. तिला वाटलं मला वाईट वाटेल. मला काही वाटलं नाही. माणसं माळावर परतली होती, शाळेत दोनशे पोरं होती, आणि आम्ही दोघं कडुनिंबाखाली बेंबीच्या देठापासून ओरडत होतो.

राकियेता वीस दिवसांनी ताफ्याबरोबर आली. अशक्त होती, पण चालत आली. बाळ पाठीला बांधलेलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून तिने इस्पितळाचा कागद काढला आणि मास्तरने तो मोठ्याने वाचला.

"मुलगी. वजन दोन किलो पाचशे. आईचं नाव सिबदू किंदो. आईचं वय..." तो हसून हसून खोकायला लागला. "आईचं वय चोपन्न! चोपन्नाव्या वर्षी, तेही मेल्यानंतर! अरे, या मोसी बायका कशानेच थांबत नाहीत!"

रांगेतल्या बायका लोळायला लागल्या. मीही हसले. मग म्हणाले, "आण तो कागद. नगरपालिकेतून दुरुस्त करून आणू. आईच्या जागी तुझं नाव हवं."

"नको मावशी," राकियेता म्हणाली.

"नको काय? वेडी. उद्या हिला शाळेत घालायचं, लग्न करायचं, कागद बरोबर नको?"

"माझ्या नावावर एक आहे," ती म्हणाली. "ते शेयाच्या झाडाखाली आहे. हिला तुझ्या नावावर राहू दे. तुझं नाव घेऊन मी गेले आणि जगले."

तिने पाठीवरचं बाळ सोडून घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मला मूल नाही. तीस वर्षांत या हातांनी किती बाहेर काढली त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, आणि प्रत्येक वेळी पुसून, गुंडाळून दुसऱ्या बाईच्या हातात दिलं. कागदावर माझं नाव नेहमी खाली, सुईण म्हणून. आता ते वर होतं. मी त्या अक्षरांकडे बघत बसले आणि मला पुढचं दिसेनासं झालं.

मास्तर काहीतरी झोंबणारं बोलणार होता. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

"बोल ना मेल्या," मी म्हणाले. "गप्प बसू नकोस."